लोप आणि आयाम

शालेय विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत थायमस या ग्रंथीला एक प्रतिशब्द दिलेला आढळतो: यौवनलोपी. परिभाषा घडवणाऱ्यांची आपण साहित्याचे लोक एरवी थट्टाच करतो. त्यांचे शब्द जड, संस्कृतप्रचुर, बोलताना अडखळायला लावणारे, असा आपला आक्षेप असतो आणि पुष्कळदा तो खराही असतो. परंतु हा शब्द ज्या कोणी घडवला, त्याच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या किंचित वर असलेली ही ग्रंथी बालपणी भरीव असते, वयात आल्यावर आक्रसू लागते आणि म्हातारपणी तिच्या जागी बहुतांशी चरबी उरते. एवढी सगळी हकीकत त्या एका शब्दात आली आहे. नातीची उजळणी घेताना हा शब्द मला भेटला, तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते आणि माझ्या उजव्या बरगडीखाली नागीण उठून गेलेली होती.

नागीण हा शब्दही परिभाषेतला नाही, तो लोकांचा आहे. आणि तोही तितकाच नेमका आहे. अंगाच्या एकाच बाजूने, कमरेकडून पाठीकडे वळत जाणारा पुरळांचा पट्टा ज्याने पाहिला आहे, त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जगत नाही, अशी समजूत आमच्या सातारा भागात अजून आहे. ती खोटी आहे. खरी गोष्ट तिच्याइतकीच अद्भुत आहे. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही; मज्जातंतूंच्या मुळांशी तो दडून राहतो. मला कांजण्या आल्या त्या सातव्या वर्षी. म्हणजे छपन्न वर्षे तो माझ्या पाठीच्या कण्यालगत मुक्काम करून होता. मी शिकले, लग्न केले, मुले वाढवली, चौतीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले, आणि त्या सगळ्या काळात माझ्या रक्तातल्या टी पेशींनी त्याला जागेवर रोखून धरले होते. या पेशींच्या नावातला ‘टी’ हे थायमसचेच आद्याक्षर. तिथेच त्यांचे शिक्षण होते. आपले कोण आणि परके कोण, हे त्या तिथे शिकतात. वय वाढते तसा हा पहारा सैल होतो आणि दडलेला बाहेर येतो. २०१७ साली, निवृत्तीनंतर तीन वर्षांनी, माझ्या बाबतीत तेच झाले.

पुरळ तीन आठवड्यांत सुकले. वेदना राहिली. नागीण गेल्यावरही तिच्या वाटेवरचा मज्जातंतू महिनोन्‌महिने जळत राहतो, असे काहींच्या बाबतीत घडते. त्या काहींत मी होते. पदराचा स्पर्श सोसत नसे. परंतु मला आज लिहायचे आहे ते वेदनेविषयी नाही. वेदनेच्या मागून जे आले, त्याविषयी लिहायचे आहे. मला वाचता येईनासे झाले. डोळे ठीक होते. वाक्य सुरू होई, आणि त्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याच्या सुरुवातीविषयीची उत्सुकता संपलेली असे. तीच गोष्ट माणसांची. मुलाचा फोन आला की तो कधी ठेवील असे वाटे. ज्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात वार्धक्याचे इतके निर्दय तपशीलवार वर्णन आहे, तो अध्याय मी कितीतरी तुकड्यांना शिकवला होता. अवयव एकेक करून कसे निकामी होतील, हे ज्ञानी माणूस तारुण्यातच पाहून ठेवतो, असे ज्ञानदेव तिथे सांगतात. मुलांना मी त्यातल्या प्रतिमा समजावून देत असे, उपमांची मांडणी दाखवत असे. ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब आणि ‘संध्याछाया’तील ते दोघे म्हातारे माझ्या व्याख्यानांत वर्षानुवर्षे येत गेले. या सर्व वाचनाने माझ्या मनात वार्धक्याची एक संहिता तयार झाली होती आणि तिच्यात शरीराला एकच काम होते: एकेक करून कमी होणे. आता माझी पाळी आली आहे, असे मी धरून चालले. तो आजार आहे, हे माझ्या लक्षातच आले नाही. मला ते वाचनाचे फळ वाटले.

डॉक्टरांनी वेदनेसाठी आणि मनासाठी गोळ्या दिल्या. त्या मी घेतल्या, पुष्कळ दिवस घेतल्या, आणि त्यांचा उपयोग झाला हे इथे स्पष्ट सांगते, कारण अशा लेखांत गोळ्या फेकून देऊन माणूस डोंगर चढू लागल्याचा प्रसंग फार वेळा येतो. परंतु चिठ्ठीच्या तळाशी त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती: रोज चालणे. मला तो अपमान वाटला. विद्वत्तेचा आधार घेऊन मी त्यांना म्हटले, “वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायाम कोणी टाळावा याची यादी दिली आहे. त्यात बालक आहे आणि वृद्धही आहे.”

डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “मॅडम, तिथेच तो बलवानालासुद्धा अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करायला सांगतो ना? तुम्ही तुमच्या अर्ध्याच्या अर्ध्या शक्तीने करा. घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन या.”

मी कोपऱ्यापर्यंत गेले. साडीखाली पांढरे बूट घालून बाहेर पडायला मला शरीरापेक्षा धीरच जास्त लागला. आमच्या सासूबाई तेव्हा नव्वदीला टेकल्या होत्या. त्या ओट्यावरून म्हणाल्या, “आम्ही कुठं गेलो होतो गं फिरायला?” त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पहाटे जाते ओढणे, आडाचे पाणी शेंदणे, कांडण, सारवण, शेताची पायपीट; त्यांच्या पिढीतल्या बायकांना व्यायाम हा वेगळा शब्द लागलाच नाही. त्या शरीरश्रमाला रम्य म्हणण्याचा अपराध मी करणार नाही. त्याने त्यांच्या कंबरा मोडल्या, हे मी पाहिले आहे. परंतु जात्यावरच्या ओव्या शिकवताना एक गोष्ट माझ्याकडून नेहमी सुटत असे. त्या ओव्या सुचल्या त्या चालत्या हातांना. खुंट्याच्या फेऱ्याबरोबर श्वास चाले, श्वासाबरोबर ओळ, आणि जे दुःख नुसत्या बसल्या जागी बोलता आले नसते ते फेऱ्याच्या लयीत बोलता येई. आम्ही वर्गात त्या ओवीतले दुःख घेतले आणि जाते बाहेर ठेवले.

कोपरा मागे पडून अजिंक्यताऱ्याच्या चढणीपर्यंत पोचायला मला चार महिने लागले. किल्ल्याच्या उतारावर चार भिंती हे ठिकाण आहे, १८५७च्या हुतात्म्यांचे स्मारक. सकाळी तिथवर जाणाऱ्या साताऱ्यातील माणसांचा एक अबोल मेळाच असतो. त्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर होते. त्यांना सगळे मामा म्हणत. मी दम खाण्यासाठी थांबले की ते चार पावले पुढे जाऊन उभे राहत, बघत नसल्यासारखे. आणि माझा श्वास बसला की बोटांनी हवेत दोनदा दोरी ओढत. “डबल बेल, मॅडम. निघू या.” एका घंटेला गाडी थांबते आणि दोन घंटांना निघते, हे एसटीने हिंडलेल्या माणसाला सांगायला नको. संथ का होईना, माझी गाडी निघू लागली.

पुढे मी पुन्हा वाचू लागले तेव्हा सवयीप्रमाणे या विषयाचेही वाचन केले, आणि त्यात मामांच्या व्यवसायबंधूंची गाठ पडली. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लंडनच्या बसगाड्यांवरील माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, दुमजली बसचे जिने सतत चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. मी हे चढणीवर मामांना सांगितले. ते म्हणाले, “आमच्या यष्टीला जिना कुठं होता मॅडम? पण टप होता. आणि उभ्यानं फाटलेली तिकिटं मोजायला बसलो तर शपथ.” मला त्या अभ्यासापेक्षाही आवडली ती त्याची पुढची कथा. मॉरिस यांनी स्वतःच आपल्या निष्कर्षावर शंका घेतली आणि १९५६ मध्ये गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या विजारींचा घेर नोकरीच्या सुरुवातीच्या वयापासूनच मोठा होता. म्हणजे कामामुळे शरीर तसे झाले, की शरीर तसे असलेली माणसेच त्या कामाकडे गेली? समीक्षेत आपण कार्यकारणभाव किती सहज जोडून टाकतो, हे आठवून मी थोडी ओशाळले. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करीत आणि २००९ साली, शंभरीला काही महिने उरले असता वारले. पण त्यावरूनही काही सिद्ध होत नाही, असे त्यांनीच म्हटले असते.

म्हणून मी असे प्रयोग शोधले, जिथे कोणी चालायचे आणि कोणी नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेले असते. त्यातला एक जणू माझ्यासाठीच केलेला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील मायकेल अर्विन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली तो प्रसिद्ध केला. वये ५९ ते ८६, माणसे ११२, सर्व निरोगी. त्यांतील काहींनी सोळा आठवडे ताई ची या चिनी पद्धतीचे संथ व्यायाम केले, इतरांनी तितकाच काळ आरोग्यावरील व्याख्याने ऐकली. त्यानंतर सर्वांना कांजण्यांची लस दिली. व्यायाम करणाऱ्यांची त्या दडलेल्या विषाणूविरुद्धची पेशीजन्य प्रतिकारशक्ती लस टोचण्यापूर्वीच वाढलेली होती, आणि लशीनंतर ती दुसऱ्या गटापेक्षा बरीच पुढे गेली. शिवाय त्यांनी स्वतःच्या दुखण्याविषयी, उत्साहाविषयी आणि मनःस्थितीविषयी जी उत्तरे दिली, तीही अधिक चांगली होती. व्याख्याने ऐकणारा गट मागे पडला, ही गोष्ट जन्मभर व्याख्याने दिलेल्या बाईने मुकाट्याने मान्य केली पाहिजे.

मनाविषयीचा प्रयोग याहून जुना आहे. ड्यूक विद्यापीठातील जेम्स ब्लूमेंथल यांनी १९९९ साली पन्नाशी ओलांडलेल्या, नैराश्याने ग्रासलेल्या १५६ माणसांचे तीन गट केले. एकाला औषध, एकाला आठवड्यातून तीनदा व्यायाम, एकाला दोन्ही. सुरुवातीला औषधाचा गुण लवकर दिसला. सोळा आठवड्यांनंतर मात्र तिन्ही गट जवळजवळ सारखेच सावरलेले होते. इथेही एक अडचण आहे. काहीच न करणारा चौथा गट त्या प्रयोगात नव्हता, आणि व्यायाम करणारे गटाने व्यायाम करीत. त्यांना बरे केले ते स्नायूंच्या हालचालीने, की ठरल्या वेळी आपली वाट पाहणाऱ्या माणसांनी? मी स्वतःला हा प्रश्न अनेकदा विचारला आहे. ज्या दिवशी पाऊस असे आणि मामा येणार नाहीत हे ठाऊक असे, त्या दिवशी माझी चढण अर्ध्यावर संपे. तेव्हा उत्तर निदान माझ्यापुरते अर्धे-अर्धे आहे.

प्रतिकारशक्ती आणि मनःस्थिती यांना दोन वेगळ्या खोल्यांत ठेवण्याची आपली सवय मात्र आता सोडावी लागेल. वय वाढते तसा शरीरात एक मंद, न दिसणारा दाह वाढत जातो. क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली दाह आणि वार्धक्य या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जोडून त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ असे नाव दिले. आपण जरादाह म्हणू. ताप आला की माणूस मिटून जातो, भूक जाते, कोणी बोलू नये असे वाटते. ही अवस्था घडवणारी रसायने या दाहातही थोड्या प्रमाणात असतात, आणि दीर्घकाळ असतात. कोपनहेगनच्या बेंटे पेडर्सन यांनी दाखवून दिले की आकुंचन पावणारा स्नायूही रक्तात संदेशवाहक द्रव्ये सोडतो आणि त्यांतून दाह आवरणारी साखळी सुरू होते. पोटरी केवळ आपल्याला उचलून नेत नाही, ती उरलेल्या शरीराशी बोलतही असते. माझ्या न वाचण्यामागे माझे तत्त्वज्ञान किती होते आणि हा दाह किती, याचा हिशेब आता मांडता येणार नाही. पण मी ज्याला शहाणपण समजत होते त्यात बराच भाग साध्या तापाचा असावा, हे मानणे माझ्या अहंकाराला जड गेले तरी मनाला हलके करून गेले.

आणि मग तो २०१८चा अभ्यास. बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि लंडनचे किंग्ज कॉलेज येथील संशोधकांनी ५५ ते ७९ वयाचे १२५ हौशी सायकलस्वार तपासले. ही माणसे साधी नव्हती. पुरुषांना साडेसहा तासांत १०० किलोमीटर आणि स्त्रियांना साडेपाच तासांत ६० किलोमीटर अंतर कापता येणे ही अट होती. त्यांच्या रक्तात थायमसमधून नव्याने बाहेर पडलेल्या टी पेशींचे प्रमाण विशीतिशीतल्या माणसांच्या बरोबरीचे निघाले. यौवनलोपी ग्रंथीचे काम पुरते लोपलेले नव्हते. पण त्याच निबंधात हेही नोंदवले आहे की थकलेल्या, जुन्या टी पेशींचा साठा त्या सायकलस्वारांतही वयानुसार वाढलेलाच होता. म्हणजे वार्धक्याची काही पाने उलटली गेली होती आणि काही जशीच्या तशी होती. शिवाय हा प्रयोग नव्हता, पाहणी होती. लंडनच्या विजारींचा प्रश्न इथेही लागू आहे. आणि सातारच्या चढणीवर सावकाश चालणाऱ्या बाईने शंभर किलोमीटरवाल्यांच्या रक्तावर हक्क सांगू नये. फार जोराचा, थकवणारा व्यायाम उलट प्रतिकारशक्ती काही काळ खाली आणतो की काय, याविषयी संशोधकांत आजही मतभेद आहेत. माझ्यासारखीने तो वाद लांबूनच ऐकावा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मला पुरते: आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. चार भिंतींपाशी कठड्याला एक बोट टेकून आम्ही सगळे बगळ्यासारखे एका पायावर उभे राहत असू. बघणाऱ्यांची करमणूक होई, ती वेगळी.

आता त्या शब्दाकडे परत येते. लोप म्हणजे काय? आपण नाश असा अर्थ घेतो. व्याकरणात तो अर्थ नाही. पाणिनीने लोपाची व्याख्या केली आहे ती न दिसणे एवढीच. वर्ण दिसेनासा होतो, परंतु त्याचे कार्य पुष्कळदा शिल्लक राहते आणि शब्दाचे रूप त्याप्रमाणे घडते. मी हे शिकले होते, शिकवलेही होते. फक्त स्वतःच्या शरीराला कधी लावून पाहिले नव्हते. कांजण्यांचा विषाणू छपन्न वर्षे लोप पावला होता, म्हणजे दिसत नव्हता. त्याला रोखणारी शक्तीही तशीच न दिसणारी. दुसरा शब्द व्यायाम. त्याच्या पोटात आयाम आहे, म्हणजे विस्तार, ताणून लांबवणे. माझे जग तेव्हा पलंगाएवढे झाले होते. ते आधी कोपऱ्याएवढे झाले, मग चढणीएवढे. वय त्याने एक दिवसही मागे गेले नाही.

वाचन परत आले ते असेच एका वळणावर. दीड वर्ष झाले असेल. उतरताना माझ्या ध्यानात आले की आदल्या रात्री वाचलेल्या एका परिच्छेदाशी मी मनातल्या मनात भांडत आहे. म्हणजे तो परिच्छेद मी शेवटपर्यंत वाचला होता. मी थांबले. मामांना वाटले दम लागला. त्यांनी थोड्या वेळाने डबल बेल दिली.

२०२२च्या थंडीत मामा गेले. पक्षाघाताचा झटका आला आणि दोन दिवसांत संपले. रोज चालणारा, निर्व्यसनी माणूस. स्मशानातून परतताना आमच्यातले एक जण म्हणाले, “मग काय उपयोग, मॅडम?” मला उत्तर देता आले नाही. माझ्याजवळ होती ती माणसांच्या गटांविषयीची आकडेवारी, आणि गटांची आकडेवारी एका तिरडीपुढे वाचून दाखवता येत नाही. व्यायामाने प्रतिकारशक्ती सुधारते म्हणजे मरण टळते असे कोणत्याही अभ्यासाने म्हटलेले नाही. आजारांचे ओझे कमी होण्याची शक्यता वाढते, मन सावरण्याची शक्यता वाढते, एवढेच ते म्हणतात. नागिणीची नवी लस २०२३ पासून आपल्याकडे मिळू लागली. ती मी घेतली, कारण चालणे हा तिचा पर्याय नाही. प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थांना मी आजही पूर्ण उत्तर देऊ शकणार नाही. परंतु ते दुसऱ्या दिवशी सकाळी चढणीवर होते. मीही होते.

आता आमच्यात एक नवीन बाई येऊ लागल्या आहेत. शिक्षिकाच होत्या, यजमान गेल्यापासून बोलत नाहीत. दुसऱ्या वळणावर त्यांना धाप लागते. मी चार पावले पुढे जाऊन किल्ल्याकडे बघत उभी राहते. त्यांचा श्वास बसल्याचे ऐकू आले की वळते. दोरी ओढायला हात उचलताना अजून मला थोडा संकोच होतो.